वाळूच्या अलीकडचं जैसलमेर

जैसलमेरला निघालेल्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न वाळूचा असतो. जोधपूर सोडून बस तीन-चार तास धावलेली असते, पोखरण मागे पडलेलं असतं. खिडकीबाहेर खुरटी झुडपं, दगडगोटे, मधूनच शेळ्यामेंढ्यांचा कळप आणि त्यामागे फेटेवाला गुराखी. मागच्या सीटवरून हाक येते, "ताई, वाळवंट कधी लागणार?"

वाळवंट केव्हाचंच लागलेलं असतं.

पुण्याहून दर हिवाळ्यात राजस्थानच्या सहली नेणाऱ्या या टूर मॅनेजर बाईंना प्रश्न कुठल्या फाट्याच्या आसपास येणार हेसुद्धा आता पाठ झालंय. त्या माइक हातात घेतात आणि सांगतात, थर म्हणजे बराचसा हाच: खडकाळ माळ, कडक जमीन, गवत, काटेरी झुडपं. सिनेमात दिसतात त्या वाळूच्या टेकड्याही आहेत, त्या आपण बघणार आहोत, पण सगळ्यात शेवटी. बसमध्ये थोडी निराशा पसरते. "शेवटी का?" असं कुणीतरी विचारतंच. उत्तर द्यायला पुढचे तीन दिवस लागतात.

त्यांच्या धंद्यात कार्यक्रम आखणं म्हणजे कशाला किती वेळ द्यायचा आणि कशाच्या आधी काय दाखवायचं हे ठरवणं. जैसलमेरचा छापील कार्यक्रम बहुतेक कंपन्यांचा सारखाच: पहिल्या संध्याकाळी समच्या वाळूच्या टेकड्या, उंट, नाचगाणी, दुसऱ्या दिवशी किल्ला, हवेल्या, खरेदी. बाईंनी तो हळूहळू उलटा केला. त्यांचं म्हणणं साधं आहे. या गावात बघण्यासारखं जे काही आहे, ते पाणी आणि गवत यांच्यापाशी येऊन थांबतं. ते आधी कळलं की वाळूही नीट दिसते. आधी वाळू दाखवली तर बाकीचं नुसतं सामान राहतं.

सुरुवात किल्ल्यापासून. रावल जैसल या भाटी राजाने ११५६ मध्ये लोद्रव्याहून राजधानी इथल्या त्रिकूट टेकडीवर आणली. लोद्रवा इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर. आसपासच्या माळावर सुमारे ७६ मीटर उंचीची ही टेकडी, तिच्यावर पिवळ्या वालुकाश्माची तटबंदी आणि ९९ बुरूज. सत्यजित राय यांनी १९७४ मध्ये 'सोनार केल्ला' हा सिनेमा इथे काढला आणि बंगाली प्रवाशांची रांग लागली, ती आजतागायत सुटलेली नाही. गाइड मंडळी बंगाली फडाफडा बोलतात. मराठीही आता बरीच येते. "काका, सावकाश, पायरी आहे" इतकं तर प्रत्येकाला.

ते यावंच लागतं, कारण ग्रुपमधली निम्मी माणसं साठीच्या पुढची. बस पायथ्याशी थांबते, पुढे रिक्षा, आणि मग चार दरवाज्यांतून चढ: अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल. फरशी शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुणी चपला घालून आलंय, हे आदल्या रात्री जेवताना बघून ठेवावं लागतं. हवा पोलपाशी वारा खेळता असतो. तिथे ओट्यावर पाच मिनिटं बसवलं की सगळे वर पोचतात.

वेळ सकाळी साडेसातची. दहानंतर आत दुकानं, गालिचे, सेल्फी यांची दाटी होते. साडेसातला किल्ला तिथल्या लोकांचा असतो. दप्तर लावून मुलं शाळेला निघालेली, दारात झाडलोट, दुधाची किटली, एखादी गाय बोळ अडवून उभी. मराठी माणसाला इथे खरा धक्का बसतो. आपण गड बघतो ते पडके. रायगडावर बाजारपेठेची जोती बघून वस्ती मनात उभी करावी लागते, राजगडावर तर सुवेळा माचीला वाऱ्याशिवाय कुणी बोलायला नसतं. इथे साडेआठशे वर्षांच्या गडावर कुकरची शिट्टी ऐकू येते. कित्येक हजार माणसं आजही आत राहतात. काही घरं पिढ्यान् पिढ्या त्याच कुटुंबांकडे आहेत.

आणि किल्ल्याचं दुखणं या नांदत्या घरांच्या न्हाणीघरांत आहे. बाई ते टाळत नाहीत. टेकडी एकसंध कातळाची नाही. तिच्यात वालुकाश्माचे, चिकणमातीचे, ठिसूळ दगडाचे थर एकावर एक आहेत. पाणी घागरींनी वर यायचं तोवर सांडायला फारसं काही नव्हतं. मग नळ आले. त्यामागून पर्यटक आले, गेस्ट हाउसं आली, प्रत्येक खोलीला बाथरूम आली. जुन्या गटारांना तो भार पेलला नाही. सांडपाणी टेकडीत मुरत गेलं, चिकणमाती फुगली आणि तटाचा पाया सरकू लागला. काही बुरूज ढासळले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने १९९६, १९९८ आणि २००० अशा तीनदा हा किल्ला धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. २०१३ मध्ये राजस्थानच्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. गटारांची, तटाची दुरुस्ती झाली, तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुसळधार पावसात तटाचा एक भाग कोसळलाच.

म्हणून त्यांच्या ग्रुपचा मुक्काम तटाबाहेर असतो. "इतक्या लांब आलो, किल्ल्यात राहायला मिळालं असतं तर..." अशी कुरकुर प्रत्येक सहलीत होते, आणि ती रास्तही आहे. झरोक्यातून उगवतीचं ऊन बघण्याची हौस कुणाला नसेल? बाई वाद घालत नाहीत. संध्याकाळी त्या नाराज पाहुण्यांना घेऊन तटाच्या बाहेरून पायथ्याच्या रस्त्याने एक फेरी मारतात. खालच्या दगडांवर काही ठिकाणी ओलीचे पट्टे चढलेले दिसतात. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात भिंतीला ओल आलीय, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पुन्हा कुणी खोलीचा विषय काढत नाही.

किल्ल्यातल्या जैन मंदिरांना त्या सर्वांत जास्त वेळ देतात. सात मंदिरं एकमेकांना बिलगून. पार्श्वनाथाच्या मंदिरातला दगड इतका बारीक कोरलाय की तो वालुकाश्म आहे हे हात लावूनच पटावं, आणि हात लावायला मनाई. सांगली-कोल्हापूरकडची जैन कुटुंबं ग्रुपमध्ये असतात. ती दिगंबर, ही मंदिरं श्वेतांबर. तरी पूजेचे बारकावे तीच बाकीच्यांना समजावून सांगतात आणि गाइड बाजूला उभा राहून ऐकतो. तळघरातल्या ज्ञानभांडारात ताडपत्रावरच्या पोथ्या जपल्या आहेत. कोकणातल्या दमट हवेत वाळवी आणि बुरशीने किती दप्तरं खाल्ली हे ठाऊक असलेल्या माणसाला इथल्या कोरड्या हवेचं मोल लगेच कळतं.

एवढा पैसा या माळावर आला कुठून? हवेल्यांसमोर उभं राहिल्यावर हा प्रश्न येतोच. तो व्यापाराचा पैसा. सिंध आणि त्यापलीकडच्या मुलखात जाणारे उंटांचे तांडे इथून जायचे. रेशीम, अफू, सुका मेवा यांच्यावर जकात मिळे, सावकारी चाले. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याने १८०५ च्या सुमारास पहिली हवेली बांधायला घेतली. पाच मुलांसाठी पाच हवेल्या पुऱ्या व्हायला कित्येक दशकं गेली. त्याच शतकात समुद्रावरचा व्यापार वाढला, मुंबई बंदर भरभराटीला आलं, रेल्वे आली, आणि उंटांचा रस्ता ओस पडत गेला. १९४७ ला सरहद्द आखली गेली तेव्हा तो पुरता बंद झाला.

"म्हणजे आमच्या मुंबईने यांचा धंदा बसवला म्हणायचा," गिरगावातले एक काका म्हणाले होते. बाईंनी तेव्हापासून हे वाक्य हवेलीपाशी सांगायला ठेवलंय. मुंबईच्या मंडळींच्या चेहऱ्यावर त्याने जरा अपराधी भाव येतो आणि ती हवेली अधिक आपुलकीने बघतात.

नथमलच्या हवेलीपाशी मात्र त्या काहीच सांगत नाहीत. आधी फक्त एक काम देतात: डावी बाजू आणि उजवी बाजू यांतले फरक शोधा. ही हवेली १८८५ ची, जैसलमेरच्या दिवाणाची. दोन कारागीर भावांनी ती कोरली, एकाने डावी बाजू, दुसऱ्याने उजवी. लांबून दोन्ही सारख्या वाटतात. जवळ गेलं की एकीकडची वेलबुट्टी दुसरीकडे नाही, झरोक्याखालचे घोडे-हत्ती वेगळे, फुलांच्या पाकळ्या वेगळ्या. दारातल्या दोन दगडी हत्तींपासून सगळे सुरुवात करतात. एरवी दहा मिनिटांत फोटो काढून चहा शोधणारी माणसं अर्धा तास माना वर करून भांडतात. "अहो, तिसऱ्या कमानीत बघा, कमानीत!" नवऱ्याला असं दटावणारी एखादी काकू असतेच. बाईंच्या मते कोरीवकाम बघायला शिकवण्याची याहून चांगली रीत नाही, आणि तिला एक पैसा लागत नाही.

गडीसर तलावावर थोडाच वेळ. चौदाव्या शतकात रावल गडसीने तो बांधून काढला, आणि नळ येईपर्यंत सगळं गाव त्याचं पाणी प्यायलं. आज गावाला इंदिरा गांधी कालव्याचं पाणी मिळतं आणि तलावात पायडलच्या बोटी फिरतात. वेशीवरची टीलोंची पोळ एका गणिकेने बांधली, तिच्या कमानीखालून राजघराण्याने जायचं नाही म्हणून ती पाडायची ठरली, तर तिने वर कृष्णाचं मंदिर बसवलं, अशी गोष्ट सांगतात. मंदिर कोण पाडणार? ग्रुपमधल्या बायकांना ही गोष्ट फार आवडते.

कुलधराला गोष्टीनेच घोटाळा केलाय.

जैसलमेरपासून १८ किलोमीटरवर पालीवाल ब्राह्मणांचं हे ओस गाव. दिवाण सालिमसिंगाची नजर गावातल्या मुलीवर पडली, म्हणून ८४ गावं एका रात्रीत उठून गेली आणि जाताना शाप देऊन गेली, अशी दंतकथा आहे. तिच्यावर भुताखेतांचा थर चढला. टीव्हीने तो जाड केला. आता तरुण पोरं रात्री राहण्याच्या पैजा लावतात, आणि ड्रायव्हरही गेटपाशी आवाज बारीक करून बोलतो. अभ्यासकांच्या मते गाव एका रात्रीत उठलं नसावं. आटत गेलेलं पाणी, करांचा जाच, कदाचित भूकंपही, अशी कारणं पुढे येतात. सालिमसिंगाचा जुलूम खोटा नसेल, पण तो एकटा पुरेसा वाटत नाही.

बाईंना राग याचा येतो की भुताच्या नादात पालीवालांची खरी करामत झाकली जाते. ती बघायला गाव सोडून जरा पुढे, सखल भागात उतरावं लागतं. जानेवारीत तिथे डोळ्यांवर विश्वास बसू नये असं दृश्य असतं: चहूकडे भुंडा खडक आणि मधोमध हिरवागार हरभरा, गहू. विहीर दिसत नाही, मोटर नाही, पाट नाही. याला खडीन म्हणतात.

खडीनाची युक्ती समजायला अवघड नाही. खडकाळ चढावर पडलेला पाऊस जमिनीत मुरत नाही, तो सगळा वाहत खाली येतो. खालच्या खोलगट जागेला उताराच्या बाजूने मातीचा लांब बांध घालायचा. पाणी तिथे तुंबतं, बरोबर आणलेला गाळ टाकतं. जास्तीचं पाणी बांधाच्या सांडव्यातून पुढे जातं. उरलेलं पाणी तीन-चार महिन्यांत जमीन पिऊन टाकते. वरचा थर नांगर धरण्याइतका कोरडा झाला की त्या ओलीवर रब्बी पेरायची. पुढे पाण्याचा एक थेंब द्यावा लागत नाही. मोठ्या चढावरचा तुटपुंजा पाऊस छोट्या शेतात गोळा करण्याचा हा हिशेब पालीवालांनी शतकांपूर्वी बसवला. ते गेले, खडीनं राहिली, आणि आजही ती कसली जातात. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या पुस्तकात या मुलखाच्या पाणी राखण्याच्या रीतींबद्दल लिहिलंय. बाई ते पुस्तक बॅगेत ठेवतात आणि बसमध्ये हातोहात फिरवतात.

मंगळवेढ्याकडचं एक शेतकरी जोडपं मागे सहलीला आलं होतं. किल्ल्यात काका कंटाळले, हवेल्यांत तर बाहेर बाकावरच बसले. खडीनाच्या बांधावर मात्र ते बुटासकट खाली उतरले, उकिडवे बसले आणि दोन बोटं मातीत खुपसली. वरचा इंचभर कोरडा, खाली गारवा. ढेकूळ हातात घेऊन त्यांनी ते दाबून बघितलं, फुटलं तेव्हा आतला गडद रंग काकूंना दाखवला. "ही आपल्या ज्वारीचीच गत की. पेरली की पाण्याचं नाव नाही." मंगळवेढ्याची मालदांडी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पिकते. पण तिथे ओल धरून ठेवणारी माती निसर्गाने दिली आहे. इथे ती माणसांनी बांध घालून जमवली, हा फरक काकांनीच ग्रुपला सांगितला. शेतावरच्या माणसाला त्यांनी मोडक्या हिंदीत बियाणं, पेऱ्याची तारीख, उतारा असं सगळं विचारलं. बस पाऊण तास उशिरा निघाली. कुणीही तक्रार केली नाही.

अकलचं जीवाश्म उद्यान हे कार्यक्रमातलं सर्वांत दुर्लक्षित ठिकाण. बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटर, २१ हेक्टरांचा उघडा माळ आणि त्यावर पत्र्याच्या छपराखाली, जाळीच्या पिंजऱ्यात आडवे पडलेले दगडी ओंडके. सुमारे २५ खोडं, त्यांतलं मोठं १३ मीटरच्या पुढे लांब. १८ कोटी वर्षांपूर्वी इथे दमट हवा होती, घनदाट जंगल होतं. खोडं गाळाखाली गाडली गेली आणि लाकडाची जागा खनिजांनी घेतली. जाळीतून टॉर्च तिरका मारला तर खोडाचे तंतू, साल सुटल्याच्या रेघा स्पष्ट दिसतात. हे सगळं दगडात. "हात लावून बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं" असं प्रत्येक जण म्हणतो, पण जाळी नसती तर ओंडके तुकड्या-तुकड्यांनी घरोघर गेले असते.

इथे बाई सह्याद्रीचा दाखला देतात. आपला काळा दगड, ज्यात वेरूळ-अजिंठा कोरलं, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ही झाडं उभी होती तेव्हा सह्याद्री जन्मायलाही अकरा कोटी वर्षं बाकी होती. मुलं असलेल्या ग्रुपला आणखी एक गंमत सांगता येते. जैसलमेरच्याच खडकांत सापडलेल्या लांब मानेच्या डायनोसॉरला २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी 'थारोसॉरस' हे थरवरून नाव दिलं. तो १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. पोरं मग माळावरचा प्रत्येक दगड उलटून बघतात आणि आयांना खिशात दगड नेऊ नका म्हणून पाठीमागे लागावं लागतं.

तनोट आणि लोंगेवाला हा पूर्ण दिवसाचा प्रवास. १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबच्या सुमारे १२० जवानांनी रणगाड्यांची चाल रात्रभर रोखली, उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. 'बॉर्डर' सिनेमामुळे हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तनोटमातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. तिथे न फुटलेले तोफगोळे मांडून ठेवलेत. ग्रुपमधले निवृत्त फौजी, आणि साताऱ्याकडचे असले की ते असतातच, इथे ताठ उभे राहतात आणि बोलेनासे होतात. बाई अशा वेळी घड्याळ बघत नाहीत. रस्ताही बघण्यासारखा आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर सरहद्दीपर्यंत डांबर पोचलं, आणि व्यापार बंद पडून निपचित झालेल्या जैसलमेरला पर्यटक मिळाले ते याच वाटांनी.

मग सम. गावापासून चाळीसेक किलोमीटर.

टेकड्या सुंदर आहेत, यात शंका नाही. वाऱ्याने पाडलेल्या लाटा, कलत्या उन्हात त्यांच्या सावल्या. पण चारला तिथे पोचलं तर जीपगाड्या टेकड्यांवरून खाली उड्या घेत असतात, आरडाओरडा, डिझेलचा वास. रात्री तंबूंच्या ओळीतून एकाच वेळी दहा लाउडस्पीकर. बाईंनी यासाठी तंबूवाल्यांशी वर्षानुवर्षं हुज्जत घातलीय. त्यांना त्यांचं पोट आहे, हेही त्यांना मान्य आहे. शेवटी एक तोडगा निघाला: जेवणाआधीचा अर्धा-पाऊण तास स्पीकर बंद, आणि मांगणियार कलाकार नुसत्या गळ्याने गातील.

मांगणियार हे मुसलमान कलावंत, आणि त्यांचे यजमान बहुतेक हिंदू राजपूत. यजमानाच्या घरी बारसं, लग्न, मरण, सगळ्याला तेच गातात. त्या घराण्याच्या वंशावळी त्यांना मुखोद्गत असतात. लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी यांनी त्यांना गावाबाहेरच्या, मग देशाबाहेरच्या रंगमंचावर नेलं. हमीरा गावचे साकर खान यांच्या कमायच्याला २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. कमायचा हे गजाने वाजवायचं वाद्य. गोल, मोठ्या भांड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, मुख्य तारा तातीच्या आणि खाली झंकारणाऱ्या धातूच्या. स्पीकरवर त्याचा आवाज नुसता खरखरतो. शेकोटीपाशी दोन हातांवर बसून ऐकला तर छातीत उतरतो. खडताल वाजवणारा पोरगा बारा-तेरा वर्षांचा असतो, चार लाकडी पट्ट्या दोन हातांत, आणि बोटं दिसत नाहीत इतका वेग. पंढरपूरकडच्या वारकरी मंडळींनी एकदा आपले टाळ बॅगेतून काढले आणि ते खडतालला जाऊन भिडले. बारशाला गाणारे आणि हरिपाठ म्हणणारे यांना एकमेकांची भाषा लागली नाही, ताल लागला.

ज्यांची तयारी असेल त्यांना बाई पहाटे साडेपाचला उठवतात. सगळे येत नाहीत. थंडी बोचरी असते आणि समोर 'वाघ दिसेल' असं आमिष नसतं. मरू राष्ट्रीय उद्यान १९८० मध्ये जाहीर झालं. ३,१६२ चौरस किलोमीटर, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं. उद्यान म्हटलं की झाडी डोळ्यांसमोर येते. इथे सेवण गवताचे ठोंब, खेजडी म्हणजे आपली शमी, रुई, नेपती, आणि क्षितिजापर्यंत मोकळा माळ. उद्यानाच्या हद्दीत गावं आहेत, ढाण्या म्हणजे वाड्यावस्त्या आहेत, त्यांच्या शेळ्यामेंढ्या आहेत. सुदासरीला वनखात्याची परवानगी घेऊन जीपने जायचं. चिंकारा दिसतातच. वाळवंटी खोकड गवतातून मान वर काढून बघतं. गिधाडं अजून पंख पसरून उन्हाची वाट बघत असतात. सांडा हा काटेरी शेपटीचा सरडा हिवाळ्यात बिळाचं तोंड मातीने लिंपून आत झोपतो. वनरक्षक ते बंद बीळ काठीने दाखवतो आणि पाय जपून टाकायला सांगतो.

जे येतात ते माळढोकासाठी. नर माणसाच्या कमरेच्या वर येईल एवढा, १५ किलोपर्यंत वजन. उडणाऱ्या पक्ष्यांत याहून जड फार थोडे. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. जगात दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यांतले बहुतेक या जिल्ह्यात. शिकार थांबली, पण मग गवताळ माळांना पडीक समजून नांगर लागला, आणि आता विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचं कमी दिसतं, डोळे बाजूला असतात. एवढा जड पक्षी उडता उडता तारेसमोर आला की वळू शकत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरमध्ये दरवर्षी सुमारे १८ माळढोक तारांना धडकून मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली.

या तारा कशाच्या, हे बडाबागच्या छत्र्यांपाशी दिसतं. राजांच्या समाध्यांमागे पवनचक्क्यांचं रान उभं आहे, पलीकडे सौर पॅनेलं. ती वीज आपल्यालाही हवी आहे, पुण्या-मुंबईच्या घरांनाही. बाई इथे कुणाची बाजू घेत नाहीत, दोन्ही दाखवतात. देगराय मातेच्या ओरणातून तारा गेल्या म्हणून आंदोलन करणारे गावकरीही विजेविरुद्ध नव्हते. देवाच्या नावाने राखलेलं चरण्याचं रान जाऊ नये एवढंच त्यांचं मागणं. देवराई माहीत असलेल्या मावळातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

सम इथे २०१९ पासून माळढोकांचं प्रजनन केंद्र आहे. माळावरून उचललेली अंडी तिथे उबवली जातात, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. पर्यटकांना आत सोडत नाहीत, ते योग्यच आहे.

गेल्या हंगामात सोलापूरचं एक निवृत्त शिक्षक जोडपं पहाटेच्या जीपमध्ये होतं. दुर्बिणीतून, खूप लांबवर, गवतात चालणारा पांढऱ्या मानेचा ठिपका त्यांनी पाहिला. वनरक्षकाने विचारलं, "कहाँ से हो, गुरुजी?" सोलापूर म्हणताच तो म्हणाला, "नान्नज!" नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, सोलापुरापासून वीसेक किलोमीटर. आधी ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे १,२२२ वर आणलं गेलं. तिथे आता माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. गुरुजी काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या शाळेची सहल दरवर्षी महाबळेश्वरला जायची." परतीच्या वाटेवर त्यांनी वनरक्षकाकडून गवत, कुरण, चराई यांची इत्थंभूत माहिती एका वहीत उतरवून घेतली, आणि उन्हाळ्यात जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन नान्नजच्या माळावर जाऊनही आले. फोटो ग्रुपवर आले होते, काळविटांचे.

ऑफिसात दर पावसाळ्यात कार्यक्रमाची फेरछपाई होते. अकल काढून पॅरासेलिंग घाला, खडीन तर कुणी मागतही नाही, असं विक्रीवाले सांगतात, आणि त्यांच्याकडे आकडे असतात. बाईंकडे परत आलेल्या प्रवाशांची पत्रं असतात. यंदा पॅरासेलिंग ऐच्छिक झालं, ज्याचे पैसे त्याने भरायचे. खडीन पहिल्यांदाच छापील कार्यक्रमात आलं, कुलधराच्या नावाखाली, लहान अक्षरांत. सुदासरीच्या ओळीपुढे बाईंनी स्वतः तीन सूचना घातल्यात: मातकट रंगाचे कपडे, गरम टोपी, असल्यास दुर्बीण.